बीड स्पिनरवर मणी चढता चढता थांबतात: तीच अडचण पुन्हा पुन्हा का येते

बीड स्पिनर म्हणजे मधोमध उभी दांडी असलेली, त्या दांडीवर हाताने फिरणारी लाकडी किंवा प्लास्टिकची वाटी. ती विकत घेतलेल्या बहुतेकांची तक्रार एकाच प्रकारची असते. पहिल्या दिवशी वाटीत मणी ओतून, वाकडी सुई त्यांत धरून वाटी फिरवली की मणी सरसर सुईवर चढू लागतात आणि अर्ध्या तासाचे काम दोन मिनिटांत उरकल्याचे समाधान मिळते. तिसऱ्या-चौथ्या सरापर्यंत मात्र चढण्याची गती मंदावते आणि नंतर सुई मण्यांमधून नुसती नांगरासारखी फिरत राहते. मग आपण वाटीत नवे पाकीट ओततो, काम पुन्हा सुरू होते आणि अडचण मिटली असे आपण धरून चालतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते, आणि या वेळी ते थोडे लवकर घडते.

मी सोलापुरात काळ्या मण्यांची मंगळसूत्रे आणि बारीक मण्यांचे सर गाठवते. आमच्याकडे एकच मणी तीन नावांनी मागितला जातो: मराठी घरांत काळी पोत, पूर्व भागातील तेलुगू घरांत नल्लपूसलु आणि कन्नड बोलणाऱ्या घरांत करिमणी. जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा एकाच वेळी येत असल्याने त्या पंधरा-वीस दिवसांत जेवढे मणी ओवावे लागतात, तेवढे उरलेल्या वर्षातल्या कोणत्याही दोन महिन्यांत लागत नाहीत. ही अडचण मला खऱ्या अर्थाने कळली ती या गर्दीमुळेच, कारण एखाद-दुसरा सर ओवणाऱ्या माणसाला ती दिसतच नाही.

कामाचा आवाका आकड्यांत सांगितला तर पुढचे विवेचन सोपे होईल. नेहमीच्या कामात येणारा ११/० आकाराचा गोल काचमणी साधारण २ मिलिमीटर रुंद असतो आणि इंचाला सुमारे १८ मणी बसतात. (या मोजणीत आकडा जितका मोठा तितका मणी लहान, ८/० चा मणी सुमारे ३ मिलिमीटरचा, तर १५/० चा सुमारे दीड मिलिमीटरचा असतो.) २४ इंचांच्या दोन पदरी मंगळसूत्राला त्यामुळे साडेआठशेच्या वर मणी लागतात. ग्रॅममध्ये ११/० चे साधारण ११० मणी येतात, म्हणजे एका मंगळसूत्राला जवळजवळ ८ ग्रॅम मणी खर्च होतात. अशी वीस मंगळसूत्रे करायची असतील, तर १६० ग्रॅम मणी त्या एकाच लहान वाटीतून जातात आणि वाटी चार-पाच वेळा तरी भरावी लागते. अडचणीचे मूळ या भरण्यातच आहे, परंतु ते माझ्या लक्षात यायला दोन हंगाम गेले.

पहिल्या हंगामात मी दोष हाताला दिला आणि वाटी जोरात फिरवू लागले. परिणामी मणी कपाटाखाली आणि देव्हाऱ्यात सापडू लागले. मग सुई बदलली. नवी सुई आली त्या दिवशी काम उत्तम झाले आणि चार दिवसांनी थांबले. त्यानंतर बॅटरीवर चालणारा स्पिनर घेतला. त्याचीही तीच कथा झाली. प्रत्येक नवे साधन पहिल्या दिवशी का चालते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा उत्तर लाजिरवाणे निघाले: नवे साधन आले की त्याच्या कौतुकात मी वाटी पुसून घेत होते आणि त्यात नवे पाकीट फोडून ओतत होते. गुण सुईचा नव्हता आणि बॅटरीचाही नव्हता, तो ताज्या मण्यांचा होता.

आधी मणी कोठे थांबतो ते पाहावे

उपाय करण्यापूर्वी मणी नेमका कोठे अडतो आहे, हे वाटी थांबवून, सुई उजेडात धरून पाहणे आवश्यक आहे. ‘मणी चढत नाहीत’ या एका वाक्यात चार वेगळ्या अडचणी दडलेल्या असतात आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

टोकावर एकही मणी येत नसेल, तर बहुतेक वेळा सुईचे तोंड चुकीच्या बाजूला आहे. टोक नेहमी येणाऱ्या मण्यांना सामोरे हवे. वरून पाहता वाटी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर तिच्या उजव्या बाजूचे मणी आपल्याकडे येत असतात, म्हणून उजवीकडे धरलेल्या सुईचे टोक पलीकडे, आपल्यापासून दूर वळलेले असावे. वाटी उलट फिरवली तर उजवीकडचे मणी आपल्यापासून दूर जातात आणि टोक आपल्याकडे वळवावे लागते. बॅटरीच्या बऱ्याच स्पिनरमध्ये वाटी कोणत्या दिशेने फिरते हे आपल्या हातात नसते, त्यामुळे हाताच्या फिरकीवरून तिकडे वळलेल्या माणसाची हमखास येथे गल्लत होते. डावखुऱ्या व्यक्तीला सुई डाव्या बाजूला धरायची असेल, तर हाच हिशेब उलटा करावा.

दहा-बारा मणी चढून सुईच्या वळणावर रांग अडली असेल, तर ते वेगळे प्रकरण आहे आणि पुढचा सर्वांत मोठा भाग त्याचाच आहे. रांग सुईच्या नेढ्यापाशी अडली असेल, तर दोष दोऱ्याचा असतो. मणी चढण्याऐवजी वाटीबाहेर उडत असतील, तर वेग जास्त आहे किंवा वाटी काठोकाठ भरली आहे. वाटी निम्म्याच्या थोडी वर भरावी आणि ज्या वेगाला मण्यांचा थर पाण्यासारखा एकसंध सरकतो, तेवढ्याच वेगाने फिरवावी. उडणाऱ्या मण्यांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

वाटीच्या तळाशी काय साठते

काचेचे बारीक मणी कसे तयार होतात हे थोडक्यात जाणून घेतले की बुजलेल्या भोकांचे आश्चर्य वाटत नाही. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून लांब केली जाते, थंड झाल्यावर तिचे बारीक तुकडे केले जातात आणि त्या तुकड्यांच्या धारदार कडा गोल व्हाव्यात म्हणून ते पुन्हा उष्णतेत घोळवले जातात. आंध्र प्रदेशातील पापानायडूपेट या गावी काच ओढून मणी करण्याची अशी फार जुनी परंपरा आहे आणि चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्सच्या परिसरातील कारखान्यांतही तत्त्व हेच आहे. घोळवताना काच मऊ होऊन भोक मिटू नये, यासाठी चुना किंवा कोळशासारख्या पदार्थांची भुकटी भोकांत भरून घेण्याची पद्धत असते आणि नंतर ती धुऊन काढली जाते. काही मण्यांत ती पूर्णपणे निघत नाही, काहींचे भोक उष्णतेने आक्रसते, आणि ज्या मण्यांवर नंतर धातूचा किंवा रंगाचा लेप चढवलेला असतो त्यांत तो लेप भोकातही शिरून ते आणखी अरुंद करतो. चांगल्या प्रतीच्या जपानी मण्यांत असे नग फारच कमी असतात, स्वस्त सुट्या मालात ते अधिक असतात, पण कोणत्याही पाकिटात ते अजिबात नसतील असे गृहीत धरू नये.

आता स्पिनर काय करतो ते पाहावे. सुई ज्या मण्यात शिरू शकते तो मणी वाटीतून निघून जातो. ज्यात शिरू शकत नाही तो वाटीतच राहतो. हाताने ओवताना बुजलेला मणी बोटाला कळतो आणि आपण तो बाजूला टाकतो, परंतु स्पिनरला बोटे नाहीत. म्हणजेच ही वाटी नकळत चाळणीचे काम करत असते, आणि चाळणीत उरलेला कोंडा आपण फेकत नाही, उलट त्यावर नवे पीठ ओतत राहतो.

उदाहरणादाखल समजा की पाकिटातील दर शंभर मण्यांत ५ मणी बुजलेले आहेत. वाटीत ४० ग्रॅम मणी ओतले, तर त्यात २ ग्रॅम वाईट मणी आले. त्यातून ३० ग्रॅम चांगले मणी ओवून झाल्यावर उरलेल्या १० ग्रॅममध्ये ते २ ग्रॅम तसेच राहतात आणि वाईट मण्यांचे प्रमाण शंभरात ५ वरून शंभरात २० वर जाते. येथे चढणे मंदावते आणि आपण नवे ३० ग्रॅम ओततो. त्याबरोबर दीड ग्रॅम वाईट मणी आणखी येतात, पण प्रमाण शंभरात ९ च्या आत आल्यामुळे काम चालू लागते. पुन्हा ३० ग्रॅम ओवून झाले की हे प्रमाण शंभरात ३५ होते. तिसऱ्या भरणीनंतर ते शंभरात ५० वर पोचते, म्हणजे टोकाशी येणारा दर दुसरा मणी आत घेण्याच्या लायकीचा नसतो. अडचण प्रत्येक वेळी थोडी लवकर का परतते, याचे कारण एवढेच आहे, आणि म्हणूनच मधल्या काळात घेतलेली नवी सुई, नवा स्पिनर किंवा नवी पद्धत यांपैकी जे काही नव्या पाकिटाबरोबर आले, त्याला फुकटचे श्रेय मिळते.

पूर्ण बुजलेला मणी तसा निरुपद्रवी म्हणावा, कारण तो टोकावर आपटून बाजूला होतो. खरा त्रास अर्धवट अरुंद मण्याचा. त्याचे भोक सुईच्या निमुळत्या टोकाला आत घेते, पण सुई जेथे थोडी जाड होते किंवा वळते तेथे तो घट्ट बसतो, आणि मग त्याच्या मागून येणारे सगळे चांगले मणी दिंडीतल्या माणसांसारखे एकामागे एक खोळंबतात. सुईवर दहा-बारा मणी चढून रांग अडली आहे असे दिसले, तर रांगेतील सर्वांत वरचा मणी नखाने हलवून पाहावा. तो एकटाच अडकलेला असेल आणि बाकीचे मोकळे फिरत असतील, तर निदान झाले. असा मणी ओढून काढण्यापेक्षा लहान पकडीने चिरडून टाकावा, मात्र काच उडते म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा आणि सुई कापडात गुंडाळून धरावी.

खात्री करून घेण्याची चाचणी साधी आहे. चढणे थांबल्यावर वाटीतून, न निवडता, २५ मणी काढावेत आणि नेहमीच्या सरळ बारीक सुईने हाताने ओवून पाहावेत. नंतर त्याच मालाच्या न फोडलेल्या पाकिटातून २५ घेऊन तेच करावे. वाटीतल्यांपैकी बरेच मणी नकार देत असतील आणि पाकिटातले जवळजवळ सगळे जात असतील, तर स्पिनरला, सुईला किंवा स्वतःच्या हाताला दोष देण्याचे कारण उरत नाही. दोन्हीकडचे मणी सारखेच जात असतील, तर वाटीतला माल निर्दोष आहे आणि कारण पुढच्या भागांत शोधावे. दोन्हीकडचे मणी सारखेच नकार देत असतील, तर तो मालच सुईच्या मानाने अरुंद भोकाचा आहे. पातळ सुई घ्यावी किंवा माल परत करावा.

उपाय म्हणजे वाटीत वरून भर घालण्याची सवय सोडणे. वाटीतील मणी पाव राहिले आणि चढणे मंदावले, की उरलेले सगळे मणी एका वेगळ्या डबीत काढावेत, वाटी कोरड्या फडक्याने पुसावी आणि नंतरच नवे मणी ओतावेत. डबीत साठलेले मणी एखाद्या निवांत दुपारी हाताने ओवावेत. त्यातील चांगले मणी अशा रीतीने सुटतात आणि जे उरतात ते खरोखरच टाकाऊ असतात. मी ते दिवाळीच्या पणत्यांवर चिकटवण्यासाठी ठेवते, कारण चिकटवायला भोक लागत नाही.

डबीतील मण्यांची भोके भुकटीने भरलेली असतील, तर कोमट पाण्यात घालून चांगले हलवल्याने त्यांतील काही मोकळी होतात. हा प्रयोग फक्त मूळच्या रंगीत काचेच्या मण्यांवर करावा, लेप दिलेल्या किंवा रंगवलेल्या मण्यांवर करू नये. वाळवण्यासाठी आपल्याकडचा टॉवेल घेण्याचा मोह होतो, पण टॉवेलच्या फासांत ११/० चा मणी रुतून बसतो. घट्ट विणीची जुनी चादर त्यापेक्षा उपयोगी पडते. मणी पूर्ण वाळल्याशिवाय वाटीत घालू नयेत, कारण ओले मणी एकमेकांना चिकटून ढेकळासारखे फिरतात. तीच चादर चार घड्या करून स्पिनरखाली अंथरली, तर सांडलेले मणी फरशीवर घरंगळत जात नाहीत, आणि मला वाटते सोलापूरच्या घरात याहून स्वस्त चटई मिळणार नाही.

थर उतरतो, सुई मात्र तेथेच राहते

चाचणीत वाटीतला माल निर्दोष ठरला, तरी वाटी रिकामी होत जाईल तसे चढणे थांबू शकते, कारण मणी कमी होताना त्यांचा थर केवळ उतरत नाही, तो बाहेरच्या बाजूला सरकतो. फिरणारी वाटी मण्यांना कडेकडे ढकलते. मणी भरपूर असतात तेव्हा दांडीपासून कडेपर्यंत सगळीकडे पुरेशी जाडी असते, परंतु ते कमी झाले की दांडीभोवतीची जागा उघडी पडते आणि मणी कडेलगत एका पट्ट्यात फिरू लागतात. आपला हात मात्र भरलेल्या वाटीच्या वेळी जेथे स्थिरावला होता तेथेच असतो. तेथे थर आता एका-दोन मण्यांचा उरलेला असतो. मणी सुईवर चढतात ते मागून येणाऱ्या मण्यांच्या रेट्याने. पातळ थराला तो रेटाच नसतो.

भरलेल्या वाटीत टोक मण्यांच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली, जवळजवळ आडवे धरावे. थर उतरेल तसा हात दोन गोष्टी करतो: खाली जातो आणि बाहेर सरकतो. बहुतेक जण फक्त खाली जातात. टोक त्यामुळे वाटीच्या तळाला टेकते, खरखर असा आवाज येऊ लागतो आणि थोड्याच वेळात टोकाला बारीक कंगोरा येतो. हा कंगोरा डोळ्याला दिसत नाही; टोक नखावरून अलगद ओढल्यावर ओरखडा उठला, तर तो आहे असे समजावे आणि अगदी बारीक पॉलिश पेपरवर टोक फिरवत घासून घ्यावे. कंगोरा आलेली सुई नव्या पाकिटावरही नीट चालत नाही, आणि मग आधीच्या भागातली चाचणी ‘माल चांगला आहे’ असे सांगते तरी काम होत नाही, असा गोंधळ उडतो. माझ्या अनुभवात दोन्ही कारणे एकाच वेळी हजर असण्याचे दिवस कमी नसतात.

सुईचा वाक हाही येथेच पाहून घ्यावा. वाक फार आवळ असेल, तर मणी वळणावर तिरपे होऊन अडतात आणि फार सरळ असेल तर टोक आडवे राहत नाही, ते मण्यांत खुपसले जाते. सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या ताठ पोलादी तारेपासून घरी केलेली सुई ११/० साठी पुरेशी होते. टोकाकडचा भाग मासे पकडण्याच्या गळासारखा न वाकवता अर्धवट उघडलेल्या विळ्यासारखा वाकवावा.

थोडेच मणी असतील तर मोठी वाटी वापरूच नये. १० ग्रॅम मणी मोठ्या वाटीत हरवून जातात, तेच लहान वाटीत जाड थर करतात. दोन आकारांच्या वाट्या बाळगणे हा खर्च मला बॅटरीच्या स्पिनरपेक्षा अधिक योग्य वाटतो. बॅटरीचा स्पिनर वेग सारखा ठेवतो हे खरे, पण थर पातळ झाल्यावर हाताला जी जाणीव होते आणि फिरवणारी बोटे आपोआप मंद होतात, ते त्याला साधत नाही. आमच्या शेजारी आयुष्यभर यंत्रमागासाठी कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) भरलेल्या एक अक्का आहेत. त्यांनी माझा जोर पाहून सांगितले होते की चाक फिरवणारा हात नव्हे, सूत धरणारा हात कांडी भरतो. सुई धरणाऱ्या हातालाही हे तंतोतंत लागू आहे.

नेढ्यापाशी अडणारी रांग

मणी सुईवर व्यवस्थित चढतात, पण सुईवरून दोऱ्यावर उतरत नाहीत, ही अडचण वेगळी असूनही तिचा परिणाम सारखाच दिसतो, कारण सुई भरली की वरून जागा होत नाही आणि खालून चढणे थांबते. जपानी ११/० मण्याचे भोक साधारण ०.८ मिलिमीटर असते आणि चेक मण्याचे बहुधा त्याहून लहान. नेढ्यापाशी सुईची जाडी, तिच्या दोन्ही बाजूंनी दुमडलेला दोरा आणि कधी कधी त्यावर मारलेली गाठ, एवढे सगळे त्या एका भोकातून जायचे असते. हातात घेतलेला दोरा सुटा असताना बारीक वाटतो आणि नेढ्यात दुमडून दुप्पट झाला की जात नाही.

गाठ मारूच नये. नेढ्यात शिवणकामाच्या बारीक धाग्याचा लहान फास कायमचा बांधून ठेवावा आणि ज्या जाड दोऱ्यावर सर घ्यायचा आहे तो त्या फासातून ओवून पाच-सहा सेंटिमीटर मागे दुमडावा. अशाने जाडी एकदम न वाढता टप्प्याटप्प्याने वाढते. दुमडलेल्या भागावरून मेणाचा खडा एकदाच फिरवावा. मेण अधिक झाले तर मणी घसरण्याऐवजी चिकटतात आणि मेणावर काचेची धूळ बसून दोरा खरबरीत होतो. तंगूस, म्हणजे नायलॉनचा ताठ दोरा, वापरणाऱ्यांना दुमडणे जमत नाही, कारण तो दुमडीवर फुगतो; त्यांनी आधी बारीक दोऱ्यावर सर भरून घ्यावा आणि नंतर तंगूस त्या सरातून पुढे ढकलावा. सुईवर आठ-दहा सेंटिमीटर मणी साठले की वाटी थांबवून ते दोऱ्यावर सारावेत, पूर्ण सुई भरण्याची वाट पाहू नये. दोऱ्याच्या शेवटी एक मोठा मणी बांधून ठेवण्याचे येथे वेगळे सांगायला नको, पण गर्दीच्या दिवसांत मी स्वतः ते दोनदा विसरले आहे आणि दोन्ही वेळा पूर्ण सर चादरीवर मोकळा झाला.

ऋतूप्रमाणे येणाऱ्या किरकोळ अडचणी

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात प्लास्टिकची वाटी आणि प्लास्टिकचेच मणी असतील, तर फिरण्याच्या घर्षणाने स्थिर वीज साठते आणि मणी वाटीच्या कडेला चिकटून राहतात. वाटी आतून किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी. काचमणी जड असल्यामुळे त्यांना हा त्रास फारसा होत नाही, म्हणून काचेच्या मण्यांसाठी स्थिर विजेला दोष देण्याआधी वरील चाचणी करावी. पावसाळ्यात वाटीचे लाकूड फुगून दांडीचे छिद्र घट्ट होते आणि वाटी रखडत फिरते. दांडीवर मेणबत्ती चोळावी, तेल घालू नये, कारण ते हळूहळू मण्यांपर्यंत पोचते.

स्पिनर मुळी लागतच नाही तेव्हा

एक गोष्ट फार जणांना उशिरा कळते. चेक मणी पुष्कळदा सुट्या पाकिटात न येता दोऱ्यावर ओवलेल्या लडींच्या जुडीने येतात. अशी जुडी कापून मणी वाटीत मोकळे करणारे लोक मी पाहिले आहेत आणि पहिल्या वर्षी मीही तेच केले. जुडीतला प्रत्येक मणी एकदा दोऱ्यावर चढलेला असल्यामुळे त्यात पूर्ण बुजलेला मणी सहसा नसतो. म्हणजे निवड कोणीतरी आधीच करून दिलेली असते. लडीचे टोक सोडवून, ताणून धरून आपली सुई तिच्या मण्यांतून दोन-दोन इंच पुढे नेत गेले आणि जुना दोरा मागे ओढून काढला, तर वाटीची गरजच उरत नाही. एकाच रंगाचा सर असेल तर हे काम स्पिनरइतकेच वेगाने होते. वेगवेगळ्या रंगांचे मणी मिसळून हवे असतील, तेव्हा मात्र वाटीला पर्याय नाही.

नळीसारखे लांब मणी मी स्पिनरमध्ये घालत नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या नळ्या कशाबशा चढतात, त्याहून लांब नळ्या टोकाला आडव्या येतात, आणि त्यांच्या कापलेल्या धारदार कडा वाटीत एकमेकींवर घासून तुटतात; तुटलेली नळी सरात गेली की दोन महिन्यांत दोरा कापून गिऱ्हाईक दारात उभे राहते. त्या मी गोल मण्यांचा सर भरून झाल्यावर, जागा मोजून, हातानेच घालते.